पिवळे दिवस

१२ फेब्रुवारी

चि. बारकीस,

सकाळी नऊ वाजता आईच्या प्रयोगाच्या शेडवर गेलो. पंचवीस कुंड्यांना दोनशे-दोनशे मिलिलिटर पाणी घातलं. दोन वेल काठीवरून सुटले होते, ते पुन्हा बांधले. तिथल्या झाडलोटीच्या मावशींनी केर काढला. अकराला घरी परत. बटाटे उकडले. दुपारी आईचं कपाट उघडलं, थोडा वेळ बघितलं आणि लावून टाकलं. दिवसभरात एवढंच.

मला पत्रं लिहिण्याची सवय नाही. चौतीस वर्षं दुकानांतले वजनकाटे तपासले आणि 'काटा बरोबर' किंवा 'दुरुस्तीस पाठवावा' एवढेच शेरे लिहिले. पण आई गेल्यावर इथून जाताना तू 'मला फोन करू नका' म्हणालीस, म्हणून हे पत्र. तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून कामाच्या जागी पाठवतो आहे.

काम असं आहे. विभागप्रमुखांनी शेडच्या दारावर नोटीस लावली आहे. एकतीस मार्चपर्यंत शेड रिकामी हवी, तिथे नवीन यंत्र यायचं आहे. आईने डिसेंबरात एक अर्ज दिला होता. कुंड्या आणि वह्या तुझ्या संस्थेकडे, तुझ्या नावाने जाव्यात असं त्यात लिहिलं आहे. विभागप्रमुखांची हरकत नाही. तुला नको असतील तर ते सगळं कचऱ्यात जाईल, असंही ते म्हणाले. हव्यात की नको, तेवढं कळव.

आईच्या प्रयोगाबद्दल मला जेवढं समजलं आहे ते लिहून ठेवतो. चुकत असेन तर सांग. घेवड्याच्या मुळांवर बारीक गाठी येतात आणि त्यांत जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन धरून झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. शेडमध्ये बारा-बारा कुंड्यांच्या दोन रांगा आहेत, आणि डावीच्या टोकाला एक जादा कुंडी. डावीला आई कधीच खत घालत नसे. तिला ती 'उपाशी' म्हणायची. उजवीला दर दहा दिवसांनी मोजून खत. ती 'लाडकी'. दर वर्षी ज्याच्या त्याच्या जुन्या मातीत नवीन बी. अशी एकोणीस वर्षं झाली, हे विसावं. एकमेकांची गरज संपली तर जोडी टिकते का, असा काहीसा तिचा प्रश्न होता.

दोन्ही रांगा छान हिरव्या आहेत. काळजी नसावी.

निघताना तू दारात जे विचारलंस, त्याचं उत्तर मी तेव्हाच दिलं आहे. तुला कळवायचं नाही ही आईचीच इच्छा होती. त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

बाबा


२१ फेब्रुवारी

चि. बारकीस,

तुझं कार्ड मिळालं. 'हव्या आहेत. मार्चमध्ये येऊन नेईन. उपाशी रांगेचे पिवळे दिवस किती, कळवा.' खाली सही नव्हती, पण अक्षर ओळखलं.

पिवळे दिवस म्हणजे काय, ते मला मावशींनी समजावलं. एकोणीस वर्षं तिथला केर काढून त्यांना सगळं पाठ झालं आहे. बीमध्ये असते ती शिदोरी संपते आणि गाठी तर अजून कामाला लागलेल्या नसतात, त्या मधल्या दिवसांत उपाशी रांग पिवळी पडते. 'बाळंतपण झाल्यावर दूध उतरेपर्यंत जसं घरातल्यांचं तोंड होतं ना साहेब, तसे तुमच्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघून कळायचे हे दिवस,' असं त्या म्हणाल्या.

यंदा बी मी पेरलं. चार जानेवारीला. दवाखान्यात आई म्हणाली, 'आज चार तारीख ना? जा आणि बी टाकून या.'

मी म्हटलं, 'तुला अशी सोडून?'

'अशी म्हणजे कशी? मी कुठे पळून चालले आहे का?'

मावशी आणि मी मिळून पेरलं. परत आल्यावर तिने डोळे मिटूनच विचारलं, 'किती खोल?' मी म्हटलं, 'अडीच सेंटिमीटर.' 'पट्टी लावलीत?' 'लावली.' 'लावली असणारच,' म्हणाली आणि तिला हसू आलं. हसल्यावर दुखलं, तरी थोडी हसलीच.

तू विचारलेला आकडा: सहा. पंचवीस जानेवारीला पानं पिवळी झाली, एकतीसला हिरवी होती. वहीत तसं लिहिलं आहे.

बाबा


१ मार्च

बारके,

तुझं तीन पानी पत्र आलं. वर 'बाबा' असं लिहिलं आहेस.

'बाबा, सहा? नक्की सहा? पानं उन्हात बघितलीत की शेडच्या दिव्याखाली?' इथपासून सगळं वाचलं. शास्त्राचा भाग दोनदा वाचला. एकोणीस वर्षांत अकराच्या खाली एकदाही आकडा गेलेला नाही, हे मला माहीत नव्हतं. झाड दर वर्षी कामाच्या जिवाणूंना जास्त पोसतं, कामचुकारांना कमी, आणि असं होत होत उपाशी मातीतली जोडी पक्की होत गेली असणार, असं तू म्हणतेस. 'आईला हेच बघायचं होतं आणि दोन आठवड्यांनी हुकलं,' हे वाक्य मी नंतर पुन्हा वाचलं नाही.

पानं उन्हातच बघितली होती. जे दिसलं ते लिहिलं.

तू पंधरा तारखेला येतेस आणि दोन दिवस राहशील, हे वाचलं. 'माझी खोली अजून माझीच आहे ना?' असं विचारलं आहेस. तुझीच आहे. आज गादी उन्हात टाकली. खिडकीची कडी सैल होती, ती बसवली. दाराची बिजागरी कुरकुरते तशीच ठेवली आहे, लहानपणी तू ती दुरुस्त करू देत नव्हतीस.

तू लिहिलंस, 'मी जरा जास्तच बोलले त्या दिवशी. आईची इच्छा होती तर तुम्ही तरी काय करणार.' त्याबद्दल काही मनात ठेवू नकोस.

दारावर आतल्या बाजूला आईची चिठ्ठी असते, ती काढू नका, आपल्याबरोबर न्यायची आहे, असं म्हणतेस. कुठली चिठ्ठी ते माझ्या लक्षात येत नाही. बघतो.

बाबा


७ मार्च

बारके,

उपाशी रांगेला फुलं आली. फुलं आली की शेवटची जादा कुंडी उपटून मुळं बघायची, हे तू लिहिलं होतंस. अजून उपटली नाही. घाई नाही.

सध्या दुपारी आईच्या वह्या वाचतो. सगळ्याच समजतात असं नाही. आठव्या वर्षापासून तिने आणखी एक गोष्ट केली होती. तुला माहीत असेल. दर तीन वर्षांनी लाडक्या रांगेतली चिमूटभर माती नव्या कुंडीत घालून तिथे खत न देता घेवडा लावायचा. पिवळे दिवस आले ते असे: तेरा, सतरा, सतरा, बावीस. म्हणजे लाडात राहिलेले जिवाणू एकूणात कामाला उशिरा उशिराच लागत गेले. शेवटच्या आकड्यापुढे तिने प्रश्नचिन्ह काढलं आहे आणि मग ते खोडलं आहे.

एकदा सकाळी चहा घेताना तिने मला हे सांगितलं होतं. जी गाठ काम करत नाही तिची हवा झाड कमी करतं, असं ती म्हणाली. मला ते बरं वाटलं नाही.

'म्हणजे शिक्षाच की,' मी म्हटलं.

'शिक्षा कसली हो? येत नाही तिथे द्यायचं कमी करतं, एवढंच.'

'आणि एखादी गाठ आजारी असेल तर? दमलेली असेल तर?'

'दमलेला कोण आणि चुकार कोण, ते झाडाला कळत नाही.' आणि मग म्हणाली, 'तुम्हाला सगळीकडे दोन पारडी लागतात. ही दोघं एकमेकांना तोलत नाहीत. दोघांचंही एकमेकांवाचून अडतं, म्हणून चाललंय.'

हे मी आता का लिहितो आहे, ते मलाच नीट कळत नाही. ऑक्टोबरपासून मी घरातलं सगळं केलं. तिला उठू दिलं नाही. पाणी, औषध, कपडे, केस विंचरणंसुद्धा. मला वाटायचं, आपण चोख करतो आहोत. एके दिवशी ती म्हणाली, 'अहो, कप तरी मला धरू द्या.' मी म्हटलं, 'सांडेल.' तिने तोंड भिंतीकडे केलं. तेव्हा मला राग आला होता. एवढं करून हिचं तोंड भिंतीकडे, असं वाटलं. आता वाटतं की तिचं माझ्यावाचून सगळंच अडत होतं आणि माझं तिच्यावाचून काही अडतं आहे हे मी तिला एकदाही दिसू दिलं नाही. तिला द्यायला मी काही ठेवलंच नव्हतं. पण आजारी माणसाकडून घ्यायचं तरी काय? तुला उत्तर येत असेल तर आल्यावर सांग.

मग वाटतं, बी टाकून या म्हणाली ते खरंच प्रयोगासाठी, की मला तिच्यासाठी करता येण्यासारखं एखादं काम हवं म्हणून? का मला थोडा वेळ खोलीबाहेर घालवायला? तेही कळत नाही.

पंधराला गाडी किती वाजता पोचते ते लिहिलं नाहीस.

बाबा


९ मार्च

बारके,

परवाच्या पत्रात कुंडी उपटली नाही असं मी लिहिलं. ती सहा तारखेलाच उपटली होती. मावशी आणि मी होतो. हे पत्र पूर्ण वाच, मध्येच टाकू नकोस.

मावशींनी वेल सोडवला, कुंडी आडवी केली, माती झटकली आणि मुळं बादलीत बुडवून वर काढली. मग म्हणाल्या, 'साहेब, ही तर नुसती धुतलेली मुळं आहेत. एक गाठ नाही.'

मी म्हटलं, 'लहान असतील.'

'बाईंनी मला इथे बसवून गाठी मोजायला लावल्या आहेत. लहान म्हणजे किती लहान ते मला सांगू नका. ब्लेडने कापली की आत गुलाबी निघते, रक्तासारखी. इथे कापायला तरी काही आहे का?' मग माझ्याकडे बघून, 'काय घातलंत?'

'पाणी.'

'पाण्यावर एवढं बाळसं कुणी धरत नाही.'

त्यांनी बादली ओतली, हात पुसले आणि म्हणाल्या, 'मी कोण सांगणारी? पण बारकीताईला तुम्हीच सांगा. मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, आणि खरं सांगायला मला सांगू नका.'

म्हणून सांगतो. सव्वीस जानेवारीला उपाशी रांगेला मी खत घातलं. लाडकीसाठी ठेवलेल्या निळ्या झाकणाच्या डब्यातलंच. लाडकीला जेवढं, तेवढंच, प्रत्येक कुंडीत मोजून. नंतर पाच आणि पंधरा फेब्रुवारीलाही. म्हणून ती सहा दिवसांत हिरवी झाली. सहा हा आकडा खरा आहे आणि तरीही खोटा आहे. पहिल्या पत्रात दोन्ही रांगा हिरव्या आहेत असं लिहिलं तेही तसंच.

चिठ्ठी मला माहीत होती. दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर आहे. 'पिवळी पडतील. बघवणार नाही. तरी काहीही करायचं नाही.' मी ती रोज वाचत होतो. त्या दिवशीही वाचली आणि मग डब्याचं झाकण उघडलं.

का घातलं, ते सांगायचा प्रयत्न करतो. पंचवीसला सकाळी गेलो तेव्हा डावी रांग सगळी पिवळी होती. देठाकडून नाही, पानभर. आदल्या दिवशी असं काही नव्हतं, किंवा मी बघितलं नव्हतं. आईचे डोळे पहिल्यांदा असे झाले ते मी आरशात बघितले होते. ती केस विंचरत होती, मी मागे उभा होतो. तिने विंचरणं पुरं केलं. पुढे अंग झालं, मग नखं. डॉक्टर म्हणायचे, वाट बघू. मी वाट बघितली. शेडमध्ये मला पुन्हा वाट बघता येईना. हातात डबा होता आणि त्यातल्या दोन चमच्यांनी ही बरी होणार हे मला माहीत होतं. एवढंच. यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही.

खत मिळाल्यावर झाड गाठी धरत नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं मी म्हणू शकलो असतो. पण लाडकी रांग एकोणीस वर्षं समोरच होती.

तुझं तीन पानी पत्र आलं तेव्हा सांगायला हवं होतं. बसलो होतो लिहायला. पण वर 'बाबा' लिहिलेलं होतं आणि तू खोलीबद्दल विचारलं होतंस. मग गादी उन्हात टाकली.

आता दुसरं. दारात तू विचारलंस, 'मला का नाही कळवलं?' मी म्हटलं, आईची इच्छा. ऑक्टोबरात तशी होती. 'तिचं काम ऐन भरात आहे, ते आटोपू दे,' असं ती म्हणाली होती. पण आठ डिसेंबरला तिने त्या अर्जावर सही केली आणि पेन माझ्या हातात देत म्हणाली, 'आता तिला बोलवा.' मी म्हटलं, उद्या फोन करतो. केला नाही. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, 'सांगितलंत?' मी म्हटलं, 'हो, निघतेच आहे, थोडं काम उरलंय.' मग रोज तेच. फोन मी बारा जानेवारीला केला. तेव्हा उशीर झाला होता.

तू आलीस की ते खरं होणार होतं. तोवर मला वाटत होतं की काहीतरी घालून सुधारता येईल.

तिने तुझ्याबद्दल तक्रार केली नाही. एकदाच म्हणाली, 'कामात असली की तिला भान राहत नाही. माझ्यावर गेली आहे.' ती तुला दोष देत नव्हती, पण तू बोलावूनही येत नाहीस असंच तिला वाटत राहिलं. ते मी तसं वाटू दिलं.

हे तुला सांगून काय होणार, मला माहीत नाही. न सांगता तू पंधराला येऊन त्या खोलीत झोपली असतीस, ते मला जमलं नसतं. की जमलं असतं? तेही नक्की सांगता येत नाही.

बाबा


२४ मार्च

बारके,

पंधराला स्टेशनवर जाऊन आलो. तू येणार नाहीस असं वाटत होतं, तरी गेलो.

तुझं कार्ड काल मिळालं. 'माती फेकू नका. जिवाणू लगेच मरत नसतात. प्रत्येक कुंडीतून भरपूर साधं पाणी जाऊ द्या, खत वाहून जाईल. मग पुन्हा पेरा. या वेळी काही करू नका.' वर नाव नाही, खाली सही नाही. दुसऱ्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही. ठीक आहे.

लाडकी रांग न्यायला तुमच्या संस्थेची गाडी परवा येऊन गेली. ड्रायव्हरला म्हटलं, 'मॅडम आल्या नाहीत?' तो म्हणाला, 'कोण मॅडम? मला फक्त कागद दिलाय.' वह्यांचं खोकंही त्याच्याकडे दिलं. यंदाच्या वहीत 'सहा' खोडून बाजूला 'खत घातले' असं लिहिलं आहे आणि तारखा दिल्या आहेत.

जुने वेल काढून टाकले आणि आज सकाळपासून माती धुतली. एका कुंडीतून बारा लिटर. दोन लिटर घालायचं, खालून निथळू द्यायचं, पुन्हा दोन. पहिलं पाणी चहासारखं येतं, शेवटचं जवळजवळ स्वच्छ. बारा लिटर हा माझाच अंदाज आहे, तू आकडा दिला नव्हतास. जास्त धुतलं तर जिवाणूही जातील, कमी धुतलं तर खत राहील. किती म्हणजे बरोबर, हे ठरवायला माझ्याकडे काटा नाही. मावशी बघत होत्या. म्हणाल्या, 'आयुष्यात सगळं धुतलं, माती तेवढी राहिली होती. आता पिळून दोरीवर घाला म्हणजे झालं.' पण बादल्या त्यांनीच भरून दिल्या.

मग विभागप्रमुख आले. त्यांनी नोटिशीकडे बोट दाखवलं. मावशी म्हणाल्या, 'आज उचलतोय साहेब, तुमचं यंत्र काय दारात उभं आहे का?' त्यांनी हातगाडी आणली. बाराच्या बारा कुंड्या घरी आणल्या. चांगलं ऊन फक्त तुझ्याच खोलीत येतं. तिथे खिडकीखाली दोन ओळींत मांडल्या आहेत. तुझी गादी भिंतीला उभी केली आहे. तुला चालणार नसेल तर कळव, दुसरी सोय करीन.

एका जागी दोन बिया, अडीच सेंटिमीटर. पट्टी लावली.

दारावरची चिठ्ठी मावशींनी सांभाळून सोडवली. एक कोपरा फाटला. तुझ्या खोलीच्या दाराला आतून लावली आहे.

निळ्या झाकणाचा डबा ड्रायव्हरबरोबर पाठवला. घरात ठेवला नाही.

बाबा


३० एप्रिल

बारके,

सकाळी सहाला उठलो. खिडकी उघडली. कुंड्यांची तोंडं फिरवली, कारण सगळी उजेडाकडे झुकतात. केर काढला. चहा घेतला. मग हे पत्र.

तुझं कार्ड सव्वीसला मिळालं. 'अजून पिवळी?' एवढंच होतं. हो, अजून पिवळी. पंधरा एप्रिलला सुरुवात झाली. आज सोळावा दिवस. उपाशी रांगेत आजवरचा सर्वांत मोठा आकडा चौदा आहे. तो कालच मागे पडला.

यात काय समजायचं, मला कळत नाही. जिवाणू उरलेच नसतील. किंवा उरले असतील, पण तीनदा खत मिळालेल्या मातीत राहून सुस्त झाले असतील. किंवा माझं बारा लिटर कमी पडलं असेल आणि खत संपायलाच उशीर लागला असेल. मावशी परवा येऊन बघून गेल्या. मी विचारलं, 'काय वाटतं?' त्या म्हणाल्या, 'मला काय वाटायचंय? रुसलेल्यांना किती दिवस लागतात, ते ज्यानं दुखवलं त्यानं नाही विचारायचं.' मग थांबून म्हणाल्या, 'मी घेवड्याबद्दल बोलतेय हो.'

पहिले सहा-सात दिवस कठीण गेले. दिवसातून चार-चार वेळा खोलीत जाऊन यायचो. एकदा बाजारात खताच्या दुकानासमोर उभा राहिलो होतो. आत गेलो नाही. दुकानदाराने विचारलं, 'काय हवंय काका?' मी म्हटलं, 'काही नाही, तुमचा काटा बघतोय.' त्याचा काटा थोडा डावीकडे ओढत होता, तेवढं त्याला सांगितलं.

आता तेवढं जाणं होत नाही. सकाळी एकदा बघतो. पिवळं पान नुसतं बघत बसायचं, हे आईने एकोणीस वेळा कसं केलं असेल, याचा विचार करतो. मी घरात असायचो, पण मला या दिवसांतलं काही आठवत नाही. तिचा चेहरा कसा व्हायचा तोही मावशींकडूनच कळला.

तू मला क्षमा केली आहेस की नाही हे मी विचारणार नाही. कार्डावर फक्त पानांबद्दल विचारलंस, तर मी पानांबद्दल सांगतो. तू रोज विचारलंस तरी रोज सांगीन. नाही विचारलंस तरी नव्या वहीत असेल.

चार नंबरच्या कुंडीत सर्वांत वरचं, नवीन पान काल फिकं होतं. आज ते किंचित हिरवट आहे, किंवा ऊन तिरपं होतं म्हणून तसं दिसलं. दहा मिनिटांनी पुन्हा बघितलं तर काही ठरवता येईना. कागदाचा पांढरा तुकडा मागे धरून बघितलं, तरी नाही. उपटून मुळं बघितली असती तर कळलं असतं, पण तेही काहीतरी करणंच झालं.

म्हणून वहीत लिहिलेलं नाही. खात्री झाली की लिहीन.

पत्र इथे थांबवतो. पाणी घालायची वेळ झाली आहे. बारा वेळा दोनशे मिलिलिटर, मग पाण्याचा जग खिळ्याला अडकवायचा आणि वहीत आजच्या तारखेसमोर 'पिवळी' लिहायचं.

बाबा